चेटकिणीचा आरोप आणि वऱ्हाडचे कागद

पाली साहित्याच्या अभ्यासकाने स्वतःच्या घराण्यातील हकीकत लिहावी, असा या पृष्ठांवरील प्रघात नाही. येथे सुत्तांचा, लेण्यांचा व शिलालेखांचा ऊहापोह होतो आणि तो तसाच होत राहावा. तथापि प्रस्तुत लेखाचा आरंभ घरातील एका शब्दापासून करणे मला भाग आहे. कारण त्या शब्दाचा अर्थ मला घरात नव्हे, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात कळला, आणि तो कळेपर्यंत तीन पिढ्या उलटून गेल्या होत्या.

माझी आजी तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या खापरपणजीचा, उल्लेख सदैव 'बोळकी आजी' असाच करी. तिचे खरे नाव घरात कोणी उच्चारीत नसे. घराण्यातील एकाही मुलीला ते नाव ठेवले गेले नाही. म्हातारीच्या तोंडाचे बोळके झालेले असणार, म्हणून मुलांनी लाडाने ठेवलेले ते नाव असावे, अशी माझी समजूत होती. पुढे पाली साहित्यातील यक्खिणींच्या कथांवर काम करीत असताना तुलनेसाठी म्हणून मी विल्यम क्रूक यांचा उत्तर भारतातील लोकधर्मावरील १८९६ सालचा द्विखंडात्मक ग्रंथ चाळला. त्यानंतर चार्ल्स ग्रँट यांनी संपादिलेले १८७० सालचे मध्यप्रांताचे गॅझेटिअर पाहिले. त्यात बस्तरकडील मजकूर असा आहे की, चेटूक करण्याचा आरोप 'सिद्ध' झालेल्या माणसाला लोक मारहाण करीत, त्याचे केस भादरीत आणि त्याचे पुढचे दात पाडीत. दात नसले म्हणजे मंत्राचे उच्चार स्पष्ट होत नाहीत, आणि उच्चार भ्रष्ट झाला की मंत्र फळत नाही, अशी त्यामागील समजूत होती.

त्या दिवाळीच्या सुटीत मी घरी गेले तेव्हा आजीला विचारले, बोळक्या आजीचे दात केव्हा पडले? आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पडले नोते व माय, पाडले होते.”

आजीने जे सांगितले ते थोडके आहे. दुष्काळाचे साल होते आणि मरी आली होती. बोळकी आजी तेव्हा तिशीतली विधवा होती. एकाच आठवड्यात वस्तीतली तीन लेकरे गेली. भगताला बोलावण्यात आले. त्याने सुपात दाणे ओढून पाहिले आणि दाण्यांचा कौल तिच्या घरावर पडला. दात पाडणारी माणसे गावातील सवर्ण नव्हती. ती आमच्याच वस्तीतील होती. गाव दुरून पाहत होते. त्यानंतर ती दोन मुलांना घेऊन माहेरच्या गावी गेली, आणि तिच्या नवऱ्याच्या वाट्याचे घर दिराकडे राहिले. हा शेवटचा तपशील आजीने सहज सांगितला. मला मात्र तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दुष्काळाचे ते साल १८९९-१९०० चे असावे, असा माझा तर्क आहे. वऱ्हाडात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ पडले, आणि दुसऱ्याच्या पाठोपाठ पटकीची साथ पसरली. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. म्हणजे दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट शेकडा पाचाच्या आसपास घट झाली. ज्या प्रांतातील कापूस १८६० च्या दशकापासून मँचेस्टरच्या गिरण्यांना जात होता, आणि ज्यातून अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ मध्येच पूर्ण झाला होता, त्या प्रांताची ही स्थिती. आगगाडीने कापूस नेला, धान्यही नेले. पटकी दूषित पाण्यातून येते, हे १९०० साली युरोपातील वैद्यांना ठाऊक झाले होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये तिचा जंतू कलकत्त्याच्या तलावात शोधला होता. ती वार्ता आमच्या वस्तीच्या विहिरीपर्यंत पोहोचली नाही. पोहोचला तो भगत.

येथे काही शब्दांचा खुलासा करणे आवश्यक आहे. वऱ्हाडात करणी, मूठ, जादूटोणा आणि भानामती हे शब्द कृत्याचे आहेत. चेटकीण आणि डाकीण हे शब्द व्यक्तीचे आहेत. कृत्याचे शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडतात, व्यक्तीचे शब्द मात्र बहुधा स्त्रीलिंगी आहेत. मेळघाटातील कोरकूंमध्ये गावचा पुजारी तो भुमका आणि दैव पाहणारा तो पडियार. हे दोघेही मान्यताप्राप्त पुरुष. पश्चिमेकडील डांग व खानदेशातील भिल्लांमधील डाकीण-प्रकरणांवर अजय स्कारिया यांनी १९९७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. तेथेही शोधणारा भगत पुरुष आणि सापडणारी डाकीण स्त्री, अशीच विभागणी दिसते. विद्या एकच मानली जाते. ती पुरुषाजवळ असली की पद होते, आणि स्त्रीजवळ आहे असे कोणी म्हटले की अपराध होतो.

वऱ्हाडातील गारपगारी हे याचे उत्तम उदाहरण होय. गारपगारी हा गावकामगारांपैकी एक. नाथपंथी जोग्यांपैकी हे लोक. पिकावर येणारी गार परतवून लावणे हे त्याचे काम. आभाळ तांबडे-काळे होऊन गारांचा रंग दिसू लागला की त्याने हाती शस्त्र घेऊन मारुतीपुढे उभे राहावे, विनवावे. विनवणी चालली नाही तर देवाला धमकवावे, आणि स्वतःचा जीव देईन असेही म्हणावे. या कामाबद्दल त्याला गावाकडून धान्य मिळे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या चार खंडांच्या ग्रंथात गारपगारी जातीवर स्वतंत्र प्रकरण आहे. (रसेल यांना तो ग्रंथ छापील स्वरूपात पाहावयास मिळाला नाही. ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात बुडविल्या गेलेल्या 'पर्शिया' नावाच्या आगबोटीवर ते होते.) आता विचार करावा. जो गाव गारा परतविणाऱ्या मंत्राला धान्य मोजून देतो, त्या गावाच्या दृष्टीने मंत्र हा गुन्हा असू शकत नाही. गुन्हा ठरतो तो मंत्र कोणाच्या तोंडी आहे यावरून. आणि बोळक्या आजीच्या तोंडी तर मंत्र नव्हताच. तिच्या तोंडी फक्त दात होते.

विद्वानांमध्ये या प्रश्नाचा विचार वऱ्हाडात बसूनच झाला होता, ही गोष्ट आपल्या वाचकांस बहुधा ठाऊक नसेल. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पाडून पूर्वेचे ठाणे अमरावतीस आणि पश्चिमेचे अकोल्यास ठेवण्यात आले. या पश्चिम वऱ्हाडचे कमिशनर म्हणून १८६७ मध्ये आल्फ्रेड लायल अकोल्यास आले. १८७० सालचे वऱ्हाडचे गॅझेटिअर त्यांनीच संपादिले. त्यानंतर त्यांनी लिहिलेले निबंध १८८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक निबंध 'एका हिंदी प्रांताच्या धर्मा'वर आहे. तो प्रांत म्हणजे वऱ्हाड. दगड-धोंडा, भूत-प्रेत, वीरपुरुष, मृत साधू हे क्रमाक्रमाने देव कसे बनत जातात, याचे निरीक्षण त्यात आहे. दुसरा निबंध चेटूक आणि ख्रिस्तेतर धर्म यांच्या संबंधावर आहे. चेटूक ही धर्माची प्राथमिक पायरी नसून ती मुळापासून धर्माची विरोधक आहे, असे त्यांचे प्रतिपादन. धर्मात माणूस आपल्याहून थोर शक्तीपुढे नमतो. चेटकात तो स्वतःच्याच अंगच्या गुप्त सामर्थ्याने कार्य साधतो, असा भेद त्यांनी केला.

लायल यांची बुद्धी तीक्ष्ण होती, यात शंका नाही. परंतु हे निबंध वाचताना मला सारखे जाणवते की, त्यांचे लक्ष श्रद्धेकडे आहे, आरोपाकडे नाही. लोक काय मानतात, हे ते पाहतात. कोण कोणावर बोट ठेवतो, हे पाहत नाहीत. मेलेल्या माणसाचा देव कसा होतो, हे त्यांनी वऱ्हाडात बारकाईने टिपले. जिवंत विधवेची चेटकीण कशी होते, याचा जवळचा तपशील, मुलांचे मरण, दाण्यांचा कौल, दिराचे घर, हा त्यांच्या तत्त्वचर्चेत येत नाही. हा दोष त्यांचा एकट्याचा नाही. राज्यकर्त्याला रानटी समजूत दिसते; त्या समजुतीचा हिशेब कोणाच्या पदरात पडला, हे पाहण्यास त्याला वस्तीत उतरावे लागले असते.

इंग्रजांपूर्वी हे सारे निर्वेध चाले आणि इंग्रजी कायद्याने ते थांबविले, असे काही जण लिहितात. तेही पूर्णतः खरे नाही. पेशव्यांच्या रोजनिशीत भुते घालणाऱ्या लोकांचा शोध घेऊन त्यांचे पारिपत्य करण्याविषयीच्या नोंदी आहेत, आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली रोजनिशीच्या प्रस्तावनेत त्यांची दखल घेतली आहे. म्हणजे त्या राज्यात चेटूक हा सरकारदरबारी मान्य असा अपराध होता. इंग्रजांनी चेटकाला अपराध मानण्याचे नाकारले. त्यांच्या देशात १७३५ च्या कायद्याने ते आधीच झाले होते. १८६० च्या दंडसंहितेत चेटकीण म्हणून कोणाला मारणे हा खून ठरला, दात पाडणे ही जबर दुखापत ठरली. पण एखाद्या बाईला चेटकीण ठरविणे, तिच्या नावाने दाणे ओढणे, तिला वाळीत टाकून गावाबाहेर काढणे, हा स्वतंत्र गुन्हा त्या संहितेत नव्हता. शिवाय फिर्याद द्यावयाची तर ती पोलीस पाटलाकडे. तिशीतली महार विधवा, तोंड सुजलेले, पुढचे दात गेलेले, आणि पाटलाच्या ओसरीवर तिला चढण्याची मुभा नाही. तिने फिर्याद कशी सांगावी, आणि त्याने ती कशी लिहून घ्यावी?

म्हणूनच असा आरोप कागदात शोधणे अवघड आहे. तरीही आपल्या वाचकांपैकी कोणास शोध घ्यावयाचा असल्यास काही गोष्टी सांगून ठेवते. १९०३ पर्यंत वऱ्हाडचा वरिष्ठ पत्रव्यवहार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले; त्या वर्षी प्रांत मध्यप्रांतास जोडला गेल्यावर तो नागपुराकडे वळला. १९०५ मध्ये जिल्ह्यांची फेररचना झाली. एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला. वाशीम जिल्हा मोडून त्याचा भाग अकोल्यास व भाग यवतमाळकडे गेला. खामगाव अकोल्यातून निघून बुलढाण्यात गेले. वाशीम १९९८ मध्ये पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. आपले गाव आज ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात ते १९०० साली होते, असे धरून चालल्यास दप्तर सापडत नाही. मी स्वतः याच चुकीपायी दोन उन्हाळे घालविले आहेत.

सर्वांत उपयुक्त कागद म्हणजे कोतवाल बुक. गावातील जन्म-मृत्यूची ही नोंदवही जातीच्या दाखल्यासाठी आपल्यापैकी अनेकांनी तहसिलीतून नक्कल काढून घेतलेली आहे. तिच्यात मृताचे नाव, बापाचे वा नवऱ्याचे नाव, जात, वय आणि मृत्यूचे कारण असते. विलक्षण योगायोग असा की, गावची वर्दी पोहोचविणारा तो कोतवाल अनेक गावी महारच असे. म्हणजे वस्तीतील मरणाची वार्ता कचेरीपर्यंत नेणारा माणूस वस्तीतलाच. एका आठवड्यात तीन लेकरांचे मृत्यू आणि कारणाच्या रकान्यात एकच रोग, असे पान सापडले तर आपण त्या घटनेच्या अगदी जवळ पोहोचलो, असे समजावे. त्यापलीकडे कागद जात नाही. करणी असा रकाना त्या वहीत नाही. सरकारच्या लेखी लेकरे पटकीने मेली, वस्तीच्या लेखी बोळक्या आजीने खाल्ली. हे दोन्ही हिशेब एकाच कोतवालाला ठाऊक असले पाहिजेत.

आमच्याच वस्तीतील माणसांनी दात पाडले, हे लिहिताना माझा हात अडखळला, हे कबूल करते. आपल्या इतिहासात आपण नेहमी अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूस असतो, आणि बहुतांशी ते सत्यच आहे. मेलेले ढोर ओढणे, प्रेताची वर्दी देणे, मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडणे, ही सारी मरणाशी जोडलेली कामे ज्यांच्या माथी मारली गेली, त्यांच्याच अंगी मरण आणण्याची शक्ती आहे असा संशय गावाने घ्यावा, यात आश्चर्य नाही. गाव महारवाड्यावर संशय घेई. परंतु महारवाडा तो संशय कोणावर ढकलीत होता? आपल्यातील सर्वांत निराधार व्यक्तीवर. ज्या उतरंडीचे वर्णन बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमता या शब्दांत केले, तिची शेवटची पायरी वस्तीच्या आत होती, आणि तीवर एक विधवा बसलेली होती.

पाली साहित्यात या विषयाचे जे दर्शन घडते, ते पाहू जाता लोसक जातकाची आठवण येते. कोसल देशात हजार कुटुंबांचे एक कोळ्यांचे गाव असते. एक बालक गर्भात आल्या दिवसापासून गावाला मासळी मिळेनाशी होते. गाव सात वेळा जळते, सात वेळा राजदंड होतो. लोक विचार करतात की आपल्यात कोणी तरी काळकण्णी, म्हणजे अवलक्षणी, असला पाहिजे. मग ते हजार कुटुंबांचे पाचशे-पाचशे असे दोन भाग करतात. ज्या भागावर अनर्थ कोसळतो त्याचे पुन्हा दोन भाग. असे करीत करीत शेवटी एक घर उरते आणि त्या घराला मारझोड करून हाकलून देतात. आई मुलाला पायावर उभा राहीपर्यंत पोसते. मग त्याच्या हाती खापर देते, एका घराकडे बोट दाखविते आणि निघून जाते. आमच्या भगताच्या सुपातील दाणे म्हणजे हीच पद्धती. अर्धे, अर्ध्याचे अर्धे, आणि शेवटी एक दार. पुढे सात वर्षांचे ते पोर उष्ट्या भांड्यांच्या धुवणातील शिते कावळ्यासारखे वेचताना स्थविर सारिपुत्तांना दिसते. ते त्याला जवळ घेतात, प्रव्रज्या देतात, आणि त्याच्या अखेरच्या दिवशी त्याला पोटभर जेवता यावे म्हणून स्वतः पात्र हाती धरून उभे राहतात.

सारिपुत्तांच्या हातातील ते पात्र मला फार मोठे वाटते. पण अभ्यासक म्हणून एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. ही कथा त्या मुलाच्या काळकण्णी असण्यावर अविश्वास दाखवीत नाही. पूर्वजन्मीच्या ईर्षेचे ते फळ होते, असे जातककार सांगतो. म्हणजे कोळ्यांचा निष्कर्ष त्याला मान्य आहे, फक्त कारण वेगळे आहे. विनयाच्या अट्ठकथेत मनुष्यवधाचे जे प्रकार गणले आहेत, त्यांतही मंत्रविद्येने केलेला वध धरला आहे. ब्रह्मजालसुत्तात भूतविद्येसारख्या विद्यांना तिरच्छानविज्जा म्हटले आहे, आणि सुत्तनिपातातील तुवटकसुत्तात भिक्खूने आथर्वण प्रयोग करू नयेत असे बजावले आहे. पण त्या विद्या हीन आहेत असे म्हणणे आणि त्या खोट्या आहेत असे म्हणणे, यांत अंतर आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाचा म्हणून स्वीकारण्यास नकार दिला, आणि जे बुद्धिसंगत व तर्कसंगत असेल तेच बुद्धवचन मानावे, अशी कसोटी घालून दिली. पाली विभागातील काही ज्येष्ठांना ही कसोटी परंपरेला सोडून वाटे. वर्गात त्यावर मी वादही ऐकले आहेत. बोळक्या आजीची हकीकत कळल्यापासून मला त्या वादात दोन बाजू दिसेनाशा झाल्या. लोसकाचे दुःख त्याच्या कर्माचे फळ म्हटले की दाणे ओढणारा भगत निर्दोष सुटतो.

आरोपाच्या बाबतीत मात्र विनयपिटक अत्यंत स्पष्ट आहे. दब्ब मल्लपुत्त यांच्यावर राजगृहात मेत्तिया भिक्खुणीकरवी खोटा आरोप करविण्यात आला, कारण शयनासन व भोजन यांच्या वाटपावरून दोन भिक्खू त्यांच्यावर रुष्ट होते. म्हणजे तेथेही आरोपाच्या मुळाशी घर आणि अन्न यांचा वाटाच होता. त्या प्रसंगावरून निराधार आरोप करणे हाच संघादिसेस, म्हणजे गंभीर, अपराध ठरविण्यात आला. आरोप करावयाचा तर पाहिलेले, ऐकलेले वा संशयलेले असे काही तरी सांगावे लागे. आरोपीस समोर उभे करून विचारावे लागे. आरोप करणाऱ्याने योग्य वेळी, सत्य, मृदू शब्दांत, हितासाठी आणि मैत्रचित्ताने बोलावे, अशी अपेक्षा होती. बोळक्या आजीला कोणी काही विचारलेच नाही. विचारले ते दाण्यांना.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील काळी यक्खिणीची कथा आपल्या उपासिकांना परिचित आहे. दोन सवतींचे वैर जन्मोजन्मी चालते आणि शेवटी एक स्त्री होते, दुसरी तिची लेकरे खाणारी यक्खिणी. तथागतांसमोर ती दोघी येतात तेव्हा ते यक्खिणीला हाकलीत नाहीत. मातेला सांगतात की लेकरू तिच्या हाती दे. माता भिते, पण देते. यक्खिणी त्याचे मुके घेऊन ते परत करते आणि रडू लागते, कारण आता खावे काय? मग ती स्त्री तिला घरी नेते. उखळाजवळ, रांजणाजवळ, चुलीजवळ, वळचणीला, कोठेच तिला सोसवत नाही. अखेर गावाबाहेर तिची सोय होते. ती शेतकऱ्यांना सांगू लागते की यंदा पाऊस चांगला आहे, उंचावर पेरा. यंदा ओढ आहे, खोलगट जागी पेरा. गावाची पिके साधतात आणि लोक तिला अन्न आणून देतात. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारितीची मूर्ती आहे. लेकरे खाणारी म्हणून जिची ख्याती, ती तेथे लेकरांची राखणदार म्हणून बसलेली आहे. सातव्या शतकात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूने विहारांच्या भोजनगृहापाशी तिची प्रतिमा असे व तिला रोज अन्न वाहिले जाई, असे लिहून ठेवले आहे. ज्या वाकाटक हरिषेणाच्या काळात अजिंठ्याचे ते वैभव उभे राहिले, त्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलेच वाशीम. पंधराशे वर्षांपूर्वी ज्या भूमीच्या राजाच्या अमलात लेकरे खाणारीला विहारात जागा मिळाली, त्याच भूमीत १९०० च्या सुमारास लेकरे न खाल्लेलीला वस्तीत जागा उरली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी माझी आजी नागपुरास दीक्षाभूमीवर होती. परत आल्यावर तिने देव्हारा नदीत सोडला. भगत वस्तीत येईनासा झाला. त्याच वर्षी २० डिसेंबरला गाडगेबाबा अमरावतीजवळ गेले. देवाला बळी देऊ नका, अंगारे-धुपारे करू नका, असे त्यांनी ज्या वऱ्हाडी बोलीत जन्मभर सांगितले, तीच माझ्या आजीची बोली. आजीने देव सोडले, उपास सोडले. बोळक्या आजीचे नाव मात्र तिने उच्चारले नाही. एकदा मी तिला म्हटले, ती चेटकीण नव्हती हे तर तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, ठाऊक आहे, पण नाव काढले की लोक विचारतील कोणती ती. चेटकीण असे काही नसतेच, हे बुद्धीला पटणे निराळे, आणि चेटकिणीची नात म्हणून ओळखले जाण्याची भीती जाणे निराळे.

ही भीती निराधार म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील वृद्धांसह अनेकांना भरचौकात बांधून मारहाण झाली. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात रेट्याखेडा येथे ३० डिसेंबर २०२४ रोजी जादूटोण्याच्या संशयावरून एका वृद्ध महिलेला मारहाण करून तिची धिंड काढल्याचे जानेवारी २०२५ मध्ये उघडकीस आले, आणि त्यात गावच्या पोलीस पाटलावरच आरोप झाला. दंडसंहितेत १८६० साली जे नव्हते, ते महाराष्ट्रात २०१३ मध्ये आले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्टला हत्या झाल्यानंतर चार दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. एखादी व्यक्ती करणी करते, असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा त्यात स्वतंत्र अपराध आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. बोळक्या आजीला ज्या कलमाची गरज होती, ते लिहिले जाण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

गेल्या वर्षी मला तिच्या माहेरच्या गावच्या कोतवाल बुकातील नोंद मिळाली. नाव आहे, नवऱ्याचे नाव आहे, जात आहे. वय अंदाजे सत्तर. मृत्यूचे कारण म्हातारपण. म्हणजे तिला गावाबाहेर काढल्यानंतर ती चाळीसेक वर्षे जगली, दोन मुले वाढविली आणि नातवंडे पाहिली. तिचे नाव मी येथे छापीत नाही, कारण ज्या घरांतील माणसांनी दाणे ओढविले त्या घरांची नातवंडे आजही आमच्या विहारात वंदनेला बसतात, आणि ती घरे ओळखू येऊ नयेत अशी माझी इच्छा आहे.

वऱ्हाडातील ज्या वाचकांच्या घरी अशी एखादी स्त्री होऊन गेली असेल, त्यांनी गावचे नाव, अदमासे साल आणि जे कानी आले असेल ते लिहून ठेवावे. वृद्ध माणसे अजून आहेत, पण फार दिवस असणार नाहीत. त्यांना विचारताना चेटकीण या शब्दाने आरंभ करू नये; त्या शब्दापाशी तोंडे मिटतात. घर का सोडले, वाटा कोणाकडे राहिला, आणि दात केव्हा गेले, असे विचारावे.